पाण्याची बारीक धार लेझरने वाफ करायची तर आधी जाडी पाहा, मग वॅट

जळगावच्या एका एम.एस्सी. विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: इन्फ्रारेड लेझरने पाण्याची केसाएवढी धार क्षणात वाफ होते असं वाचलं. सराफ बाजारात दागिन्यांवर एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) कोरणारा 20 वॅटचा फायबर लेझर आहे आणि अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या कापणाऱ्या दुकानात 60 वॅटचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर आहे. यातला कोणता चालेल, ऊर्जा किती लागेल, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे जमेल का?

कोरणारा लेझर चालणार नाही. कापणारा अर्धामुर्धा चालेल, पण "क्षणात" हा शब्द त्याला लागू होणार नाही. ही गोष्ट वॅटवर ठरत नाही. प्रकाश पाण्यात किती खोल शिरतो, धार किती जाड आहे आणि ऊर्जा किती वेळात दिली, या तिन्हींचा मेळ बसला तरच धार वाफ होते. नाहीतर पुढची कातडी उडते आणि मागचं पाणी थेंब होऊन पळून जातं.

आधी ऊर्जेचा हिशेब करू, तो सगळ्यात सोपा आहे. 25 अंशांचं एक ग्रॅम पाणी 100 अंशांवर न्यायला सुमारे 314 ज्यूल लागतात आणि त्याची वाफ करायला 2,257 ज्यूल. एकूण साधारण 2,570 ज्यूल, म्हणजे एका मिलिग्रॅमला 2.57 ज्यूल. यातला मोठा वाटा अप्रकट उष्म्याचा, म्हणजे तापमान न वाढता नुसती वाफ करायला लागणाऱ्या उष्णतेचा आहे. म्हणून मे महिन्यात टाकीतलं पाणी 42 अंशांना आलेलं असलं तरी वाचतात ते जेमतेम 3 टक्के.

आता धार घ्या 50 मायक्रॉन (0.05 मिलिमीटर) व्यासाची, वेग सेकंदाला 20 मीटर. तिचा एक मिलिमीटर लांबीचा तुकडा म्हणजे सुमारे 2 नॅनोलिटर, वजन 2 मायक्रोग्रॅम. त्याला पूर्ण वाफ करायला 5 मिलिज्यूल पुरतात. पण हीच धार सतत वाहताना अखंड वाफ करायची म्हटली, तर सेकंदाला 39 मिलिग्रॅम पाणी येतं आणि 100 वॅट सगळेच्या सगळे पाण्यात शोषले जावे लागतात. एका पल्सचं (क्षणभराच्या झोताचं) काम आणि सतत चालणाऱ्या लेझरचं काम यांत केवढा फरक आहे तो इथे दिसतो. प्रयोगशाळेत धारेचा तुकडा उडवायचा असतो, सगळी धार नव्हे.

आता शोषण. पाण्याचा शोषण गुणांक (सेंटिमीटरमागे प्रकाश किती जोरात शोषला जातो त्याचं माप) इन्फ्रारेडमध्ये तरंगलांबीप्रमाणे लाखपटीने बदलतो, आणि निवड चुकते ती इथेच. फायबर लेझरच्या 1.064 मायक्रॉनला हा गुणांक सेंटिमीटरला सुमारे 0.15 आहे. 50 मायक्रॉनच्या धारेत शोषला जातो तो 0.1 टक्क्याहूनही कमी प्रकाश. कोरणाऱ्या यंत्राची एक मिलिज्यूलची पल्स 50 मायक्रॉनच्या ठिपक्यात धारेवर टाकली तर ते पाणी साधारण दोन अंशांनी तापतं. सोन्यावर खूण उमटवणारा प्रकाश पाण्यातून आरपार जातो, आणि यात लेझरचा काही दोष नाही. सीओटूच्या 10.6 मायक्रॉनला गुणांक सेंटिमीटरला 800 च्या आसपास आहे. प्रकाश पहिल्या 12 मायक्रॉनमध्येच बराचसा शोषला जातो आणि 50 मायक्रॉनमध्ये 98 टक्के संपतो. अर्बियम याग लेझरचे 2.94 मायक्रॉन तर ओ-एच बंधाच्या ताणकंपनावरच पडतात. तिथे गुणांक 12,000 च्या वर आहे आणि शिरकावाची खोली एक मायक्रॉनपेक्षाही कमी.

हे आकडे पाहिले की पहिला विचार येतो तो अर्बियम यागचा, कारण शोषण सर्वांत जास्त. 50 मायक्रॉनच्या धारेसाठी हा विचार चुकीचा आहे. धारेवर चौरस सेंटिमीटरला 15 ज्यूल टाकले आणि थंड पाण्याचा गुणांक धरला, तर पहिल्या 0.8 मायक्रॉनच्या थरात गरजेच्या चाळीसपटीहून जास्त ऊर्जा साठते आणि मागच्या 45 मायक्रॉनला काहीच मिळत नाही. पुढचा थर फुटतो, त्याच्या प्रतिक्रियेने उरलेली धार मागे ढकलली जाते, वाकते, आणि तिचे थेंब होतात. वर पुढून उडालेला तुषार आणि वाफ पल्सचा उरलेला भाग अडवतात. दातांच्या आणि त्वचेच्या उपचारात हाच लेझर उत्तम ठरतो, कारण तिथे पातळ थर सोलायचा असतो. आपल्याला धार आरपार तापवायची आहे. दोन धारा एकमेकींवर आपटून जे एक-दोन मायक्रॉन जाडीचं पाण्याचं पान तयार करतात, त्याला मात्र 2.94 अगदी योग्य.

शिवाय हा गुणांक तापताना एका जागी राहत नाही. पाणी तापलं की हायड्रोजन बंध सैल होतात आणि शोषणाचं शिखर 2.94 कडून 2.8 मायक्रॉनच्या बाजूला सरकतं. त्यामुळे 2.94 वरचं शोषण पल्स चालू असतानाच कित्येक पटींनी घटतं आणि प्रकाश आणखी खोल जाऊ लागतो. शिखराच्या लांब बाजूला, म्हणजे 3.3 ते 3.5 मायक्रॉनलाही शोषण घटतं, तर आखूड बाजूला वाढतं. थंड पाण्याचा तक्ता समोर ठेवून काढलेली खोली म्हणून पहिला अंदाज समजा, शेवटचं उत्तर नव्हे.

मग 50 मायक्रॉनला काय घ्यावं? माझं मत 3.5 मायक्रॉनच्या आसपास. तिथे खोली सुमारे 30 मायक्रॉन आहे, धारेत 80 टक्के प्रकाश शोषला जातो आणि मागच्या बाजूलाही बऱ्यापैकी उष्णता पोचते. 1.94 मायक्रॉनला गुणांक 120 च्या आसपास असल्याने तापमान जास्त सारखं राहतं, पण अर्ध्याहून अधिक प्रकाश वाया जातो. ऊर्जा मुबलक असेल तर 1.94 घ्या, मोजून मिळत असेल तर 3.5. धारेमागे सोन्याचा मुलामा दिलेला अंतर्गोल आरसा ठेवून आरपार गेलेला प्रकाश परत धारेवर टाकता येतो. 1.94 ला याचा फायदा मोठा, 3.5 ला थोडा. फक्त आरसा धारेपासून लांब हवा, नाहीतर दहा-वीस पल्समध्येच तुषाराने डागाळतो.

3.5 मायक्रॉनसाठी 1.064 मायक्रॉनच्या एनडी याग लेझरने चालवलेला ओपीओ, म्हणजे लेझरची तरंगलांबी बदलणारं स्फटिकाचं उपकरण लागतं. 1.064 मायक्रॉनच्या एका फोटॉनचे दोन होतात, एक 3.5 चा आणि दुसरा 1.53 चा. ऊर्जेतला 3.5 चा वाटा कितीही प्रयत्न केला तरी 30 टक्क्यांवर जात नाही, प्रत्यक्षात बराच कमी मिळतो. 12 मिलिज्यूल हवे असतील तर पंपाकडून, म्हणजे एनडी यागकडून, शंभराहून जास्त मिलिज्यूल द्यावे लागतील असं धरून चाला.

आणि 12 च का? तुकड्याला 5 मिलिज्यूल लागतात. दंडगोलाकार भिंगाने ठिपका एक मिलिमीटर लांब आणि 80 मायक्रॉन रुंद केला तर 50 मायक्रॉनच्या धारेवर पडतो साधारण 60 टक्के. त्यातला 80 टक्के शोषला जातो. भिंगं आणि खिडक्या मिळून दहाएक टक्के खातात. म्हणजे 11 ते 12. ठिपका धारेपेक्षा अरुंद करून हे नुकसान वाचवण्याचा मोह होतो. तसं केलं तर कडेचं पाणी तसंच राहतं आणि धार मधून चिरल्यासारखी फुटते.

आता वेळ. ओ-एच कंपनात गेलेली ऊर्जा 200 फेम्टोसेकंदांच्या सुमारास इतर हालचालींत वाटली जाऊ लागते आणि पिकोसेकंदाच्या आसपास ती उष्णता झालेली असते. त्यामुळे प्रकाशाची उष्णता व्हायला वेळ लागत नाही. वेळ लागतो पाण्याला हलायला. ध्वनी 50 मायक्रॉन धार ओलांडतो 33 नॅनोसेकंदांत. ऊर्जा त्याच्या आत दिली तर पाण्याला फुगायला जागाच मिळत नाही. ते तापतं, पण घनता तीच राहते, आणि आतला दाब हजार वातावरणांच्या पुढे जातो. मग जे होतं ते उकळणं नव्हे, स्फोट. उष्णतावहन मात्र फार मंद आहे, या जाडीला ते मिलिसेकंदाच्या हिशेबात चालतं, म्हणून त्याची काळजी करू नका. म्हणूनच पुढची बाजू तापली की मागची आपोआप तापेल ही आशाही ठेवू नका.

अर्बियम यागचा साधा, क्यू-स्विच (ऊर्जा साठवून एकदम सोडणारी सोय) नसलेला नमुना घेतला तर पल्स 200 मायक्रोसेकंदांची असते. तेवढ्या वेळात आपली धार 4 मिलिमीटर पुढे सरकलेली असते. तीच ऊर्जा चौपट लांबीवर पसरते आणि हाती येतं गरम पाणी आणि थोडा तुषार. पाट्या कापणाऱ्या सीओटू लेझरचंही असंच. ठिपका 200 मायक्रॉनचा आणि धार सेकंदाला 10 मीटरची धरली, तर पाणी प्रकाशात राहतं 20 मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात 60 वॅटकडून येतात 1.2 मिलिज्यूल, त्यातले निम्म्याहून अधिक धारेच्या बाजूने निघून जातात. गरज असते एक मिलिज्यूलची. धार तापेल, पुढून उकळेल, लवकर तुटेल, पण पूर्ण वाफ होणार नाही. आणि त्यासाठी त्या यंत्राचं झाकण उघडून आत नोझल बसवणं मी कोणालाही सुचवणार नाही.

"वाफ झाली" म्हणजे नेमकं काय, हे मोजण्याआधी ठरवा. साध्या दाबाला पाणी फुटल्याशिवाय सुमारे 300 अंशांपर्यंत अतितप्त होऊ शकतं, त्यानंतर ते आतूनच सगळीकडे एकदम फुटतं. तिथवर न्यायला एका मिलिग्रॅमला 1.24 ज्यूल लागतात, म्हणजे पूर्ण वाफेच्या निम्मे. पण 300 अंशांचं पाणी एकदम मोकळं केलं तर त्यातलं 41 टक्केच वाफ होतं, बाकीचे बारीक थेंब. क्रांतिक बिंदूपर्यंत (जिथे द्रव आणि वाफ यांत फरक उरत नाही), 374 अंशांपर्यंत नेलं तर 74 टक्के. त्यामुळे 6 मिलिज्यूललाही धारेत खणखणीत स्फोट दिसेल आणि तुम्हाला वाटेल काम झालं. जो पांढरा ढग दिसतो तो वाफेचा नाही, थेंबांचा आहे. पाण्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ऊर्जा वाढवत नेली आणि ढग विरळ होत गेला, तरच वाफ वाढते आहे असं समजा. निव्वळ वाफ झालेले 2 नॅनोलिटर पाणी साध्या दाबाला 3.3 मायक्रोलिटर जागा घेतं, 1,650 पट.

जर्मनीत फ्रँकफर्टला लिलबिड नावाची पद्धत विकसित झाली, तिच्यात 50 मायक्रॉनचा थेंब 3 मायक्रॉनच्या आसपासच्या पल्सने निर्वातात फोडून त्यातली प्रथिनं वस्तुमान मापकात (मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये) नेतात. तिथे पूर्ण वाफ लागतच नाही, अर्धवट स्फोटानेच काम होतं. तुमचा उद्देश तसा असेल तर निम्मी ऊर्जा पुरे.

लेझरच्या किमतीचा विचार करताना माणसं धारेकडे दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात बिघडते ती धार. 50 मायक्रॉनची धार पृष्ठताणामुळे सेंटिमीटरभर अंतरावर आपोआप तुटते, साधारण दर 225 मायक्रॉनला एक थेंब, थेंबाचा व्यास 95 मायक्रॉनच्या आसपास. पंप हादरत असेल तर ती पाच मिलिमीटरच्या आतच तुटते. म्हणून लेझर नोझलपासून दोन-तीन मिलिमीटरवर टाका. एक मिलिमीटरच्या आत आणू नका, स्फोटाचा धक्का नोझलच्या टोकाला बसतो आणि काचेची टोकं टवके उडून निकामी होतात.

सेकंदाला 20 मीटर वेगासाठी बर्नुलीच्या सूत्राने 2 बार दाब येतो. पण 50 मायक्रॉनची केशनळी सेंटिमीटरभर लांब असेल तर घर्षणातच आणखी 23 बार जातात. अरुंद भाग जितका आखूड तितकं बरं. एचपीएलसी पंप (द्रव जास्त दाबाने मोजून ढकलणारा प्रयोगशाळेतला पंप) मिनिटाला 2.4 मिलिलिटरवर ठेवा आणि पुढे दाबाचे हेलकावे शोषणारा पल्स डॅम्पर लावा. तो नसेल तर पंपाच्या प्रत्येक ठोक्याला धार डोलते आणि लेझर कधी लागतो, कधी चुकतो.

पाणी आपल्याकडे हा खास विषय आहे. बोअरच्या पाण्यातला क्षार ठिबकच्या ड्रिपरचं काय करतो ते खानदेशातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. ड्रिपरचं भोक मिलिमीटरच्या घरातलं असूनही बुजतं, इथे ते 0.05 मिलिमीटरचं आहे. बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर क्षाराच्या दृष्टीने ठीक असलं तरी त्यातल्या कणांचा भरवसा नाही. विआयनित पाणी घ्या, 0.2 मायक्रॉनच्या पडद्यातून गाळा, निर्वात पंपाखाली ठेवून विरघळलेली हवा काढा, आणि नोझलच्या लगेच आधी 2 आणि मग 0.5 मायक्रॉनची फ्रिट (सच्छिद्र गाळणी) लावा. हवा राहिली तर नळीत बुडबुडे येतात आणि धार तिरपी होते. काम संपल्यावर टोक हवेत सुकू देऊ नका, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा. बुजलंच तर उलट बाजूने पाणी सोडा, मग सौम्य सायट्रिक आम्लात अल्ट्रासॉनिक बाथ द्या. सुई घालू नका.

भिंगं साध्या काचेची चालत नाहीत, ती 3 मायक्रॉनच्या आसपास प्रकाश अडवतात. कॅल्शियम फ्लुओराइड किंवा नीलमणी घ्या, सीओटूसाठी झिंक सेलेनाइड. झिंक सेलेनाइड तुटलं तर त्याची पूड विषारी असते, हातमोज्याशिवाय उचलू नका. कॅल्शियम फ्लुओराइड तापमानाच्या झटक्याने तडकतं, ओल्या तुषारापासून ते दूर असावं.

मेमध्ये पारा 44 वर गेला की लेझर थंड ठेवणारा चिलर धापा टाकतो आणि पल्सची ऊर्जा खाली येते, म्हणून दर तासाला मीटरवर तपासा. हवा कोरडी असल्याने दव पडायची भीती तेव्हा नसते. ती असते जुलैत. 28 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला दवबिंदू 24 असतो. चिलर सवयीने 20 वर ठेवला तर लेझरच्या आतल्या काचांवर पाणी जमतं आणि पहिल्याच पल्सला लेप जळतो. पावसाळ्यात चिलर दवबिंदूच्या वर ठेवा आणि प्रकाशाची वाट नळीत बंद करून कोरडा नायट्रोजन सोडा. 2.7 ते 2.9 मायक्रॉनला हवेतली वाफच प्रकाश खाते. काळ्या मातीची बारीक धूळ भिंगावर बसली की तिथेच डाग जळतो.

मोजणीला दोन गोष्टी हव्यात. धारेमागे पल्सची ऊर्जा मोजणारा पायरोइलेक्ट्रिक मीटर ठेवून धार असताना आणि नसताना किती प्रकाश येतो ते पाहा, शोषण थेट कळतं. मात्र तुषाराने विखुरलेला प्रकाशही त्यात शोषला गेल्यासारखा दिसतो, म्हणून कमी ऊर्जेपासून सुरुवात करून आलेख काढा. दुसरी गोष्ट सावलीचं छायाचित्र. वाफेची कड सेकंदाला शेकडो मीटरने पळते, त्यामुळे प्रकाशझोत 20 नॅनोसेकंदांपेक्षा आखूड हवा, नाहीतर चित्र पुसट येतं. लेझरची पल्स आणि हा झोत यांतला विलंब 100 नॅनोसेकंदांपासून 100 मायक्रोसेकंदांपर्यंत वाढवत न्या. आधी धार फुगते आणि काळवंडते, मग खिंडार पडतं. ते खिंडार आपल्या वेगाला किमान 50 मायक्रोसेकंदांनी भरतं, प्रत्यक्षात जास्त वेळ घेतं, कारण स्फोटाने कडा मागे लोटलेल्या असतात. 10 हर्ट्‌झच्या लेझरला हा वेळ भरपूर आहे.

डोळ्यांबद्दल. 1.4 मायक्रॉनच्या पुढचा प्रकाश "आय-सेफ" म्हणून विकला जातो. तो दृष्टिपटलापर्यंत जात नाही एवढाच त्याचा अर्थ, पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) मात्र भाजतं. ओपीओमधून 1.064 ची गळती होते आणि ती दिसत नसताना थेट दृष्टिपटलावर जाते. चष्मा 1.064, 1.53 आणि 3.5 या तिन्हींना चालणारा हवा. सीओटू यंत्राचं अ‍ॅक्रिलिकचं झाकण 10.6 अडवतं, 1.064 अडवत नाही. फ्लॅशलॅम्पच्या वीजपुरवठ्यातले कपॅसिटर बंद केल्यावरही भारित राहतात आणि शेजारी पाणी वाहतं आहे, त्यामुळे धारेखाली झाकलेलं भांडं आणि गळतीला वेगळा ट्रे ठेवा.

कॉलेजात जमेल का, या प्रश्नाला माझं उत्तर असं: लेझर सोडून बाकी सगळं जमेल. आधी धार उभी करा, एलईडीच्या आखूड झोतात तिचे फोटो घ्या, तुटण्याची लांबी वेगाबरोबर कशी बदलते ते मोजा. तासभर न डोलता आणि न बुजता धार चालली, की मग ओपीओ असलेल्या प्रयोगशाळेकडे वेळ मागा. नोझल, फिल्टर आणि पंप स्वतःचे घेऊन जा. दुसऱ्याच्या लेझरवर मिळालेला दिवस नोझल साफ करण्यात घालवू नये.